हिराबाईच्या लिव्हरवरचा पहारा

माझ्या नातीची समजूत अशी, की तिची आजी तरुणपणी लोकांना सुया टोचत फिरायची. अगदीच चूक आहे म्हणता येत नाही. पण सुई टोचणं हा आमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. खरी मजा सुई काढल्यावर सुरू होते. ते रक्त काचेच्या नळीत उभं राहतं, गोठतं, मशीनमध्ये गरगर फिरतं आणि वर एक पाण्यासारखा थर येतो. त्याला आम्ही सीरम म्हणतो. माणूस डॉक्टरांशी खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, सीरमला ते जमत नाही. त्याची खोड एकच. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतं. न विचारलेलं पोटात ठेवतं. मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका न विचारलेल्या प्रश्नाची आहे, आणि आज इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा माझे हात शिवशिवतायत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. मी राहायला डोंबिवलीत आणि कामाला ठाण्यात, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. लॅबच्या मालक म्हणजे आमच्या मॅडम, पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर. त्या फार कमी बोलायच्या. मी फार जास्त बोलायचे. सरासरी बरी निघायची.

तेव्हाच्या मला तुम्ही भेटला असता तर तुम्हाला हसू आवरलं नसतं. डीएमएलटीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनचा, डिप्लोमा हातात पडून थोडेच दिवस झालेले, आणि पांढऱ्या ॲप्रनवर माझं इतकं प्रेम की तो अंगातून निघायचाच नाही. संध्याकाळी डोंबिवलीत भाजी आणायलाही मी ॲप्रन घालून जायचे. वरच्या खिशात पेन, त्याचं टोपण बाहेर दिसेल असं. भाजीवाला "या डॉक्टरबाई" म्हणाला की मी त्याची चूक दुरुस्त करत नसे. वर कोथिंबिरीची काडी जास्त मिळायची.

अशा या डॉक्टरबाईंसमोर एके दिवशी हिराबाई येऊन बसली. बाळकुमची कोळीण, ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. जिना चढताना दोन्ही गुडघ्यांना एकेक शिवी देत वर आली. गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधीच्या तपासण्यांसाठी सर्जननी पाठवलेली. त्या तपासण्यांत नुकतीच एक नवी सुरू झाली होती, हेपॅटायटिस बीची. लोक तिला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणायचे, कारण या विषाणूचं कवच पहिल्यांदा तिकडच्या एका माणसाच्या रक्तात सापडलं होतं.

ही तपासणी एलायझा पद्धतीने करायचे, आणि एलायझा म्हणजे माझा जीव की प्राण. हातभर यंत्र वगैरे काही नाही. प्लास्टिकची एक पट्टी, तिच्यात छोटे छोटे खळगे. खळग्याच्या तळाशी कंपनीने आधीच एक सापळा चिकटवून ठेवलेला. त्यात सीरम टाकायचं, धुवायचं, दुसरं औषध टाकायचं, परत धुवायचं, आणि शेवटी रंगाचं पाणी घालून पट्टी ड्रॉवरमध्ये अंधारात ठेवायची. सीरममध्ये विषाणूचं कवच असेल तर ते सापळ्यात अडकलेलं असतं आणि खळगा पिवळा होतो. नसेल तर पाणी पाण्यासारखं राहतं. ड्रॉवर उघडू नये असा नियम. मी सारखी उघडायचे. मॅडम म्हणायच्या, "शिजलं का बघतेस?"

त्या दिवशी उघडला आणि हिराबाईचा खळगा हळदीसारखा पिवळा.

मी काय केलं असेल? पुस्तकात वाचलं होतं की हा आजार भयंकर. पुढच्या वेळी हिराबाई आणखी रक्त द्यायला आली तेव्हा मी एकावर एक दोन हातमोजे चढवले, नाकावर ओढणी बांधली आणि तिचं स्टूल खिडकीपाशी नेऊन ठेवलं. श्वाससुद्धा रोखून धरला होता. रक्त काढताना एक बाई जांभळी पडत चालली आहे आणि ती रोगी नाही, असं दृश्य.

हिराबाईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "काय गो, मावऱ्याचा वास येतो म्हनून नाक बांधलंस?"

"नाही हो, तुम्हाला ते ऑस्ट्रेलिया..."

"ऑस्ट्रेलिया? पोरी, मी कल्याणच्या पल्याड कवा गेलू नाय."

तेवढ्यात मॅडम आतून आल्या. त्यांनी चहा मागवला, हिराबाईच्या शेजारी बसून तिच्याबरोबर प्यायला आणि मग मला म्हणाल्या, "हवेतून नाही, कपातून नाही, एका ताटात जेवून नाही. रक्तातून, आईकडून बाळाला, नवराबायकोत. ओढणी सोड आणि श्वास घे, नाहीतर तुलाच झोपवावं लागेल."

मी श्वास घेतला. मासळीचा वास खरंच येत होता.

पुढच्या तपासण्यांत जे निघालं, त्याने मी या आजाराच्या प्रेमातच पडले. प्रेमात असं म्हणू नये हे मला कळतं, पण दुसरा शब्द नाही. हिराबाईचं लिव्हर ठणठणीत होतं. कवच रक्तात भरपूर, पण बाई धडधाकट. हे कसं, म्हणून मी मॅडमच्या मागे लागले आणि त्या कमी बोलणाऱ्या बाईने मला अख्खी दुपार दिली.

आपल्याला वाटतं विषाणू लिव्हर खातो. खात नाही. तो लिव्हरच्या पेशीत शिरून तिथे छापखाना टाकतो आणि स्वतःच्या प्रती काढत बसतो. पेशीला त्याचा फारसा त्रासही नसतो. लिव्हरची नासधूस होते ती आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. त्यांच्यातल्या टी पेशी म्हणजे पहारेकरी. छापखाना असलेली पेशी त्या बाहेरूनच ओळखतात आणि मारतात. मेलेली पेशी फुटते, तिच्यातला माल रक्तात सांडतो. तो सांडलेला माल म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा एसजीपीटी. एसजीपीटी वाढला याचा अर्थ आत मारामारी चालू आहे.

बऱ्याच मोठ्या माणसांत पहारेकरी ही लढाई पुरती जिंकतात आणि विषय संपतो. पण बाळपणीच ज्यांना लागण होते, त्यांच्या पहारेकऱ्यांना वर्षानुवर्षं कळतच नाही की हा परका आहे. छापखाना जोरात, आणि सगळे शांत. मग कधीतरी तरुणपणी त्यांची ओळख पटते, आत धुमश्चक्री होते, कधी कावीळ होते, कधी माणसाला पत्ताही लागत नाही. आणि शेवटी एक अवस्था येते, तीच हिराबाईची. छापखाना जवळजवळ बंद. मूळ प्रत मात्र पेशीच्या गाभ्यात दडलेली, ती काही निघत नाही. म्हणून पहारेकरी घरी जात नाहीत. पेशी न मारताही ते अशी रसायनं सोडत राहतात की छपाई दबून राहते, आणि एखादी प्रत निसटून बाहेर आलीच तर रक्तातल्या प्रतिपिंडांची फौज तिला धरते. हे रसायनांचं पुढे व्याख्यानांतून ऐकलं, पण गाभा त्या दुपारीच कळला. आजार झोपलेला नसतो. त्याला रोज, दर क्षणाला झोपवून ठेवलेलं असतं.

हे सगळं आम्हाला तीन गोष्टींवरून दिसायचं. कवच, म्हणजे तो घरात आहे. दुसरा एक तुकडा असतो, त्याला नुसतं 'ई' म्हणतात. तो दिसला तर छापखान्याची धडधड चालू आहे असं समजायचं. आणि तिसरा एसजीपीटी, मारामारीचा. हिराबाईचं कवच होतं, ई नव्हता, एसजीपीटी नॉर्मल. काही चोरटे वाण ई न दाखवताही छापत राहतात हे नंतर कळलं, म्हणून आता थेट विषाणूचा डीएनए मोजतात. तेव्हा आमच्याकडे एवढंच होतं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन सासूबाईंना हे सगळं भाकरी थापता थापता सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, पण भाकरी करपली."

हिराबाईचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, ज्यांना लागण नव्हती त्यांना मॅडमनी लस घ्यायला लावली. आणि दर सहा महिन्यांनी हिराबाई रक्त द्यायला यायची. गुडघ्यांना शिव्या देत जिना चढायची, खुर्चीत बसायची आणि विचारायची, "बघ, गप हाय का त्यो?" आम्ही बघायचो. गप्प असायचा. असं काही वर्षं चाललं. मी ॲप्रन घालून भाजीला जाणं सोडलं, दोन मुलं झाली, पण हिराबाईची पट्टी ड्रॉवरमध्ये असली की उघडून बघायची खोड गेली नाही.

मग नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. हिराबाई आली आणि मी थक्क. जिन्यावर शिव्या नाहीत. धाप नाही. आणि चेहरा असा गोल, गुबगुबीत, गालांवर लाली. आधी हाडं दिसायची त्या जागी आता फुगा.

मी, म्हणजे तोवरची अनुभवी सीनियर टेक्निशियन, काय म्हणाले असेन?

"हिराबाई, माहेरी जाऊन आलात वाटतं. काय तब्येत सुधारलीय."

ती लाजली. "खाऊनपिऊन बरी हाय गो."

"अशाच राहा," मी म्हणाले. सर्टिफिकेटच दिलं म्हणा ना.

कवच होतं तसंच पिवळं. एसजीपीटी नॉर्मल. ईचा किट मुंबईहून मागवावा लागायचा, तो आम्ही कधीतरीच वापरायचो, आणि इतकी वर्षं नसलेला ई आता कशाला बघायचा? सीरमला विचारलंच नाही. सीरम गप्प बसलं.

गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर हिराबाईची सून वनिता रक्ताची नळी घेऊन आली. घराजवळच्या डॉक्टरांनी काढून दिलेलं रक्त. डोळे पिवळे झालेत, अन्न जात नाही, आई निजूनच असते, म्हणाली. डॉक्टर म्हणतात, पाण्यातून झालेली साधी कावीळ असेल.

मशीनमधून नळी बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. सीरमचा रंग मोहरीच्या तेलासारखा. एसजीपीटी हजाराच्या पार. मॅडम म्हणाल्या, "ई लाव." नशिबाने किटात खळगे शिल्लक होते. ड्रॉवर उघडायची गरजच पडली नाही, फटीतूनच दिसत होतं. इतकी वर्षं पाण्यासारखा राहिलेला खळगा भडक पिवळा.

छापखाना चालू झाला होता. आणि मारामारीही.

"का?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. मग वनिताला, "नवीन औषध काही?"

"नाय मॅडम. आई औषध कवाच घेत नाय. ताप आला तरी नाय घेत."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मागच्या वेळी आली तेव्हा कशी होती?"

"छान होती. गुडघेसुद्धा दुखत नव्हते. चेहरा कसा चंद्रासारखा..." आणि मी थांबले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हातपाय तसेच बारीक आणि चेहरा तेवढा गोल, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. स्टेरॉइडचं लक्षण. आणि मी त्याचं कौतुक करून बसले होते.

स्टेरॉइड हे फार गुणाचं औषध, योग्य हातात. पण ते पहारेकऱ्यांना गुंगी आणतं. सांध्यांची सूज उतरते, कारण सूज आणणारेही तेच पहारेकरी. ते पेंगले की इकडे छापखाना मोकळा. एसजीपीटी नॉर्मलच राहतो, कारण मारामारी करायला जागं कोण आहे? सगळं वरून छान. आणि मग औषध एकदम बंद केलं की पहारेकरी खडबडून उठतात, बघतात तर घरभर छापखाने, आणि तुटून पडतात. लिव्हर त्यात सापडतं.

"तिने घेतलंय आणि सोडलंय," मॅडम म्हणाल्या. "कुठलं, केव्हा, ते कळायला हवं. परत सुरू केलं तर संपलं. आणि दवाखान्यात भरती व्हायला हवी, आजच."

वनिता रडवेली झाली. "आई यायची नाय. ती बोलते, कोप हाय ह्यो. मंगलवारी माझ्या नवऱ्याला शीलफाट्याला पाठवते, मंग बरी होईन, असं बोलते."

"शीळफाट्याला काय आहे?"

"मना नाय माहीत. कोनाला सांगत नाय ती."

तो दिवस मंगळवारच होता. मॅडम मला म्हणाल्या, "मी गेले तर ती तोंड मिटेल. तू जा. तुला बडबडता येतं." नोकरीत माझ्या या गुणाची अधिकृत नोंद झाली ती ही एकदाच.

वनिताबरोबर बाळकुमला गेले. हिराबाई भिंतीला टेकून बसली होती. गळ्यात काविळीची माळ, ती काड्यांची असते बघा, वाळली की दोरा सुटून लांब होते आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. चेहऱ्याचा फुगा उतरलेला, डोळे पिवळेजर्द. मला बघून हसली मात्र. "आली गो माझी रगतपिती."

औषधाचं सरळ विचारलं तर उत्तर 'नाय' येणार हे मला माहीत होतं. मग मला माझी बालनाट्यातली कामं आठवली. मी खाली बसता बसता गुडघा धरला आणि बाई गं, आई गं करत अशी काही विव्हळले की कोपऱ्यातलं मांजर उठून गेलं.

"काय झालं?"

"गुडघा हो. लॅबमध्ये उभं राहून राहून. काल तर जिना चढवेना. मॅडमच्या गोळ्यांनी काही होत नाही."

हिराबाईच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरी दया आली. स्वतः मरायला टेकलेली बाई, पण माझा गुडघा तिला बघवेना. तिने सुनेला पाणी आणायला आत पिटाळलं आणि मला जवळ ओढलं. "कोनाला सांगू नको. शीलफाट्याला एक बाबा बसतो मंगलवारी. पुडी देतो. मधात घालून चाटायची. माझे गुडघे बघ, पोरीसारके झालते."

"कधी घेतली होतीत?"

"शिमग्यानंतर धरली."

"पण वनिता तर म्हणते, तुम्ही औषध घेत नाही."

"औषध कुठं हाय ते? पाला हाय कुटलेला."

"मग सोडली का?"

इथे तिचा चेहरा पडला. बाबाने पथ्य घातलं होतं. पुडी चालू असेपर्यंत मावरं बंद. कोळणीला मावरं बंद, विचार करा. ती दिवसभर मासळी विकायची आणि घरी येऊन वरणभात खायची, गुडघ्यांसाठी. शिमग्यापासून भादव्यापर्यंत पाळलं बिचारीने. पण मग गौरी आली. त्यांच्याकडे गौरीला चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, नैवेद्य असतो, आणि तो प्रसाद नाही म्हणायचा नसतो.

"पुडी आन चिंबोरी एकत्र चालत नाय, बाबा बोललेला. परसादाला नाय कसा बोलू? म्हनून पुडी सोडली त्या दिवशी. आन चिंबोरी खाल्ली. मंग बाबाकडं जायला लाज वाटली. बघ, पथ्य मोडलं तं कावील झाली. उद्या लेक जाईल, बाबाच्या पाया पडंल, पुड्या आनंल."

"आज आहे मंगळवार, हिराबाई."

"आजच? मंग गेला असंल बाजारातून परस्पर."

मी उठून उभी राहिले. दुखऱ्या गुडघ्याची बाई एका झटक्यात. हिराबाईने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तुझा गुडगा कवा बरा झाला गो, सटवे?"

"आत्ताच. हिराबाई, मला शिव्या नंतर द्या. आधी ऐका." आणि मी खाली बसून सांगायला लागले. अंगात पहारेकरी असतात, ते त्याला दाबून धरतात, बाबाने पाल्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार, त्या पुडीने त्यांना गुंगी आली. मॅडमनी मला समजावलं तसं सगळं, छापखान्यासकट. छापखाना तिच्यापर्यंत पोचला नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

"खाराच्या बांधासारका," ती डोळे न उघडता म्हणाली.

तिच्या माहेरी खाडीकाठची खारजमीन होती. खाडीचं खारं पाणी भातात येऊ नये म्हणून मातीचा बांध. खेकडे त्याला भोकं पाडतात, म्हणून भरतीला बांधावर माणसं फिरत राहायची, दिसलं भोक की लिंपायची. "खाडी कुठं जाते? ती हायेच. माणूस निजला का पानी आत." एका वर्षी बांधावरची माणसं ताडी पिऊन पडली होती. पाणी आत शिरलं, मग सगळी एकदम उठली, माती टाकत, धावत, बोंबलत. "पान्यानं जेवढा भात नासला ना, त्यापेक्षा यांच्याच पायानं जास्त तुडवला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "हिराबाई, अगदी हेच. पुडी म्हणजे ताडी. आता ते उठलेत आणि धावतायत. आता परत पाजली तर?"

तिने गळ्यातली माळ चाचपली. बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं. मग तिने सुनेला हाक मारली. "वनिता, शेजारच्या पोराला स्कूटर काढायला सांग. लेकाला रस्त्यातून परत फिरव बोल." आणि मला, "दवाखान्यात येते. पन ही माल काढनार नाय गल्यातली."

"ठेवा. ती काही करत नाही."

"तेच बोलते मी. ती काय करत नाय. म्हनून राहू दे."

तिला एका नर्सिंग होममध्ये भरती केलं. तेव्हा या विषाणूवर आजच्यासारख्या साध्या गोळ्या हाताशी नव्हत्या. सलाइन, विश्रांती, आणि तिच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांवर भरवसा. प्रश्न एकच होता. ते विषाणूला आधी दाबतात की लिव्हर आधी तुडवतात?

याचं उत्तर रोज आमच्या लॅबमध्ये माझ्या हातात यायचं, शब्दशः. रक्त गोठण्यासाठी लागणारा माल लिव्हर बनवतं. लिव्हर बसलं की रक्त गोठत नाही. ती तपासणी तेव्हा हाताने करायची. काचेची छोटी नळी कोमट पाण्यात धरायची, औषध घालायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी हलकेच तिरकी, सरळ, तिरकी, सरळ करत राहायची. निरोगी माणसाचं बघता बघता गोठतं, दह्याची कवडी पडावी तसं. हिराबाईचं पहिल्या दिवशी गोठेचना. मी तिरकी करतेय, सरळ करतेय, आत पाणीच हलतंय. मॅडम मागे येऊन उभ्या. दोघींपैकी कुणी बोलत नाही, आणि मी गप्प आहे म्हणजे परिस्थिती काय असेल बघा. शेवटी एक तंतू आला. फार उशिरा.

दुसऱ्या दिवशीही तेच. वनिताचा नवरा बाकावर बसून राहायचा, नळी बघायला आत यायचं धाडस नाही, बाहेर जायचंही नाही. त्यानंतरच्या एका सकाळी मी नळी पाण्यात धरली, घड्याळ दाबलं, आणि तिरकी करते तोच हाताला काहीतरी अडलं. गोठलं होतं. मला वाटलं माझीच चूक, मी घड्याळ उशिरा दाबलं. परत केलं. परत गोठलं. मी मॅडमना हाक मारली ती शेजारच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत गेली असणार, कारण तोही बघायला आला.

पहारेकऱ्यांनी भात राखला होता.

कावीळ उतरायला बरेच दिवस लागले. गळ्यातली माळ गुडघ्यापर्यंत लांब झाली, आणि वॉर्डातल्या बायका तिलाच श्रेय देत होत्या. मी वाद घातला नाही. पण एक गोष्ट मला छळत होती. चिंबोरीने तिला मरणाच्या दारी नेलं की वाचवलं? पुडी चालू राहिली असती तर छापखाने वाढतच गेले असते. पुडी सुटली म्हणून पहारेकरी उठले, आणि उठले म्हणूनच लिव्हर धोक्यात आलं. मॅडमना विचारलं. त्या मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता म्हणाल्या, "दोन्ही. पण योग्य डॉक्टरने हळूहळू उतरवलं असतं तर तिसरंच काही झालं असतं." पुडीवाला बाबा पुढे शीळफाट्यावरून उठून गेला. त्याच्या रांगेत आणखी किती गोल चेहरे उभे होते आणि त्यांना कुणीकुणी माझ्यासारखंच 'तब्येत सुधारली' म्हटलं असेल, हे मनातून जात नाही.

खरी परीक्षा मात्र अजून बाकी होती. कावीळ गेली म्हणजे मारामारी थांबली. पण छापखाना बंद झाला का? की पहारेकरी दमून बसलेत? हिराबाई बाजारात परत बसायला लागली, तरी ईचा खळगा पिवळाच येत होता, जरा फिका, पण पिवळा. पहारा जर नीट बसला नाही तर हे सगळं परत, आणि परत, आणि प्रत्येक वेळी लिव्हरची थोडी माती.

पुढच्या उन्हाळ्यात नवा किट आला. पट्टी भरली, धुतली, ड्रॉवरमध्ये ठेवली. या वेळी मी उघडला नाही. खरं सांगते, हिंमत झाली नाही. मॅडमनीच उघडला. कवचाचा खळगा पिवळा, नेहमीसारखा. शेजारचा ईचा खळगा नळाच्या पाण्यासारखा. मॅडमनी पट्टी उजेडाकडे धरली, मग माझ्याकडे. हिराबाईचंच सीरम घेऊन परत केलं. परत पाणी. एसजीपीटी नॉर्मल.

रिपोर्ट पेशंटने लॅबमध्ये येऊन न्यायचा, आमचा नियम. मी मॅडमकडे नुसतं बघितलं. त्या म्हणाल्या, "जा, पण पळू नकोस."

मी पळाले. बाजारात हिराबाईसमोर गिऱ्हाइकांची झुंबड, एक सफारीतले गृहस्थ पापलेटचे कल्ले उलटेपालटे करत होते. मी त्यांच्या पुढे घुसले.

"मी आधी आलोय हो बाई," ते म्हणाले.

"मला मासे नकोत," मी म्हणाले. "हिराबाई, ई गेला."

तिची सुरी थांबली. "आन त्यो?"

"तो आहे. तो असणारच. पण गप्प आहे. एकदम गप्प."

"म्हंजे माझं रगत जागं झालं?"

"जागं आहे. शुद्धीत आहे. काम करतंय."

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. माझ्याच होतं, आणि मी ते पदराने पुसत आता तिला तो सगळा प्रकार टी पेशींपासून सांगणार होते, तेवढ्यात तिने सुरीच्या मुठीने मला हळूच कमरेला ढोसलं.

"बरं झालं. आता सरक बाजूला, पोरी. तुज्या सावलीत पापलेट शिलं दिसतंय."